रानझाडांचं बी उगवत का नाही? मोह, साग, बाभूळ, पळस यांची रोपं बियांपासून करण्याची रीत

जून लागला की विदर्भात गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. पन्न्या (रोपांच्या प्लास्टिक पिशव्या) भरल्या, बी टाकलं, रोज पाणी दिलं, उगवलं मात्र चार-दोनच. चौकशी केली तर कळतं की मोहाचं बी वर्षभर डब्यात जपून ठेवलं होतं आणि ते डब्यातच मेलं होतं. सागाची फळं एक रात्र भिजवून लगेच पेरली होती. बाभळीच्या बियांत पाणीच शिरलं नव्हतं. आणि कोणीतरी सांगितलं म्हणून निंबोळ्यांवर उकळतं पाणी ओतलं होतं. चारही चुकांच्या मुळाशी समजूत एकच: बी म्हणजे बी, सगळ्यांना रीत सारखी.

शेतातल्या बियाण्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी (कपाशी) यांचं बी माणसाने पिढ्यानपिढ्या असं निवडत आणलं की पेरलं की चार-आठ दिवसांत सगळं एकदम उगवावं. रानातल्या बीला अशी घाई परवडत नाही. पाऊस चार महिने, मग सात-आठ महिने कोरडे, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर. यातून निभावायची प्रत्येक झाडाची युक्ती वेगळी आहे, आणि ती युक्ती बघूनच आपण बीला काय करायचं ते ठरवायचं.

ही रीत घरच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) किंवा गावच्या पडीत जमिनीत शे-दोनशे ते हजारभर रोपं लावू पाहणाऱ्यांसाठी आहे. शेतकरी, बचत गट, ग्रामसभा, शाळा, कोणीही. मोठं यंत्र कुठेच लागत नाही. लागतं ते वर्षभराचं वेळापत्रक, कारण जूनमध्ये रोप लावायचं तर काम आदल्या हिवाळ्यात सुरू होतं.

१. फळ कधी पडतं ते आधी बघा

बियांची वाटणी मी चार गटांत करतो. झाडाचं कूळ काय, हे त्यासाठी माहीत असायची गरज नाही. फळ कोणत्या महिन्यात पडतं आणि बीवर आवरण कसलं आहे, एवढं पुरे.

पहिला गट पावसाच्या तोंडावर पडणाऱ्या बियांचा: मोह, कडुनिंब, जांभूळ. ही फळं जून-जुलैत पिकतात, पडतात तेव्हा जमीन ओली असते किंवा होण्याच्या बेतात असते. बीला थांबायची गरजच नाही, म्हणून थांबायची तयारीही नाही. साल पातळ, आत ओलावा भरपूर. हे बी सुकलं की मरतं. गहू-ज्वारीसारखं कडक वाळवून कोठीत भरलं तर कोठीतून मढंच निघेल.

दुसरा गट टणक सालीचा: बाभूळ, बहावा आणि थोडी सौम्य म्हणजे चिंच. शेंगा उन्हाळ्यात पिकतात. बीच्या सालीत उभ्या पेशींचा दाट थर असतो, त्यातून पाणी आत जात नाही. ही साल दोन कामं करते. बकऱ्या-ढोरांनी शेंग खाल्ली तरी बी त्यांच्या पोटातून साबूत बाहेर पडतं आणि दूरवर जातं. आणि सगळं बी एकाच वर्षी उगवत नाही. मिरगाचा एक चुकार पाऊस आला, मग पंधरा दिवस उघाड पडली, की काय होतं ते दुबार पेरणी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाभूळ पहिल्या पावसावर थोडंच बी उगवू देते, बाकीचं जमिनीत राखून ठेवते. आपल्याला मात्र सगळी रोपं एका वेळी हवी असतात, म्हणून साल आपणच उघडायची.

तिसरा गट कवचातल्या बियांचा: साग, बेहडा, हिरडा, आवळा आणि चार (चारोळीचं झाड). इथे बी मऊ असतं, पण ते दगडासारख्या कोयीत बंद असतं.

चौथ्या गटात पळस, खैर, तेंदू. यांच्या बीला फार काही करावं लागत नाही. यांचा घोळ पुढे मुळांच्या वेळी होतो.

*तपासा:* अनोळखी झाड असेल तर गावात रानमेवा वेचणाऱ्या बाईला विचारा की हे फळ कधी पडतं. तिचं उत्तर बहुतेक वेळा पुस्तकापेक्षा त्या शिवारापुरतं जास्त बरोबर असतं. बुलढाण्यात आणि गडचिरोलीत एकाच झाडाची वेळ दोन-तीन आठवड्यांनी मागे-पुढे होऊ शकते.

२. बी गोळा करणं

साग, बेहडा, हिरडा, आवळा आणि खैर हिवाळ्यात. चिंच होळीच्या आगेमागे. चार, तेंदू, बाभूळ, बहावा, पळस एप्रिल-मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. मोह, निंबोळी, जांभूळ जून-जुलैत. या वेळा आपल्या गावाच्या हिशेबाने एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

कोणत्या झाडाखालचं बी घ्यायचं, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. रस्त्याकडेला एकटं उभं असलेलं झाड सोयीचं असतं, पण त्याला परागासाठी शेजारी नसतो. त्याचं पुष्कळसं बी स्वतःच्याच परागातून धरलेलं असतं आणि रोपं कमजोर निघू शकतात. जिथे एकाच जातीची बरीच झाडं आहेत तिथे जा. किमान दहा झाडांखालचं थोडं थोडं बी घ्या आणि मिसळा. रोगट, पोखरलेलं, अगदी तरणं झाड सोडा.

बी आपल्याच भागातलं हवं. अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, गडचिरोली-गोंदियाकडे त्याच्या दीडपट-दुप्पट. जात एकच असली तरी पिढ्यानपिढ्या कोरड्यात टिकलेल्या झाडाचं बी कोरड्यात बरं चालतं. पूर्वेचं बी पश्चिमेला नेऊन मुरमाड टेकाडावर लावायचं आणि मग जमिनीला दोष द्यायचा, हे थांबवा.

पहिल्यांदा गळालेली फळं बहुधा किडकी असतात. ती झाडून बाजूला करा, मग जुनं लुगडं किंवा ताडपत्री अंथरा आणि नंतर पडणारी घ्या. सगळं उचलू नका, चिखलात रुजायला आणि पाखरांना काही राहू द्या.

*सावधान:* मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्या आगीत आधीच्या वर्षी उगवलेली कोवळी रोपं जळतात, वारा असला तर रान पेटतं. गावात मोहाची म्हातारी झाडं आहेत आणि तरणं एकही नाही, याचं हे एक ठळक कारण. पाला खराट्याने ओढा किंवा झाडाखाली जाळी बांधा.

जंगलातून बी आणायचं असेल तर ग्रामसभेला विचारून आणा. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र गावांना गौण वनोपजाचा हक्क दिला आहे. अभयारण्याच्या आत मात्र नियम वेगळे, तिथे वनरक्षकाशी बोलल्याशिवाय शिरू नका.

३. बी जिवंत आहे का ते बघणं

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो आणि याला लागतो अर्धा तास.

दहा बिया घ्या आणि अडकित्त्याने किंवा धारदार सुरीने मधोमध कापा. मोहाची टोळी, म्हणजे मोहाचं बी, कापली तर आतला गर भरीव, फिकट पांढरा-पिवळसर आणि बोटाला ओलसर-तेलकट लागला पाहिजे. कडेने तपकिरी पडला असेल, सालीपासून सुटून खुळखुळत असेल, खवट वास येत असेल तर ते बी तेल काढायला ठेवा, पेरू नका. सागाचं फळ फोडलं की आत चार कप्पे दिसतात. एखाद्या कप्प्यात पांढरं बी, बाकीचे रिकामे, असं चित्र नेहमीचं आहे. चारही रिकामे निघणारी फळं दहात पाच-सहा असतील तर झाड बदला.

पाण्यात टाकून तरंगतं ते फेकायचं, ही चाचणी आवळ्याच्या सुट्या बियांना आणि बाभळीला चालते. बेहड्याच्या वाळक्या फळाला आणि सागाला ती लावू नका. कवचात हवा असते, चांगलं बीही तरंगतं.

मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर वीस बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट ओलं राखा आणि किती फुटतात ते मोजा. टणक सालीच्या बिया आधी पुढच्या टप्प्यातल्या रीतीने उघडून मगच गोणपाटात ठेवायच्या, नाहीतर आकडा फसवा येतो. वीसपैकी दहा फुटल्या तर पन्नीत दोन बिया, पंधराच्या वर फुटल्या तर एक. हा हिशेब नसला की एका पन्नीत पाच रोपं आणि शेजारच्या दहा पन्न्या रिकाम्या, असं दृश्य दिसतं.

धावड्याच्या नादी मात्र पहिल्या वर्षी लागू नका. त्याच्या फळांत पोकळ बियांचं प्रमाण इतकं असतं की ओंजळभर पेरून एखादं रोप मिळतं आणि माणूस खचतो.

४. बीवर प्रक्रिया

*मोह, निंबोळी, जांभूळ.* गर काढा, धुवा, सावलीत फक्त वरचं पाणी सुटेपर्यंत ठेवा आणि पेरा. त्याच आठवड्यात पेरलं तर उत्तम. निंबोळीचा उगवण्याचा जोर दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागतो, मोहाचाही महिन्याभरात बराच उतरतो. ऊन नको, गरम पाणी नको, हवाबंद डबा नको. दूरच्या गावाहून आणायचं असेल तर ओलसर गोणपाटात, हवा खेळती ठेवून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणलेली फळं एसटीतच तापतात आणि आंबतात. जांभळाच्या एका बीतून कधी दोन-तीन कोंब निघतात, घाबरू नका, जोमदार एक ठेवून बाकीचे खुडा.

*बाभूळ, बहावा, चिंच.* पाणी खळखळ उकळवा. भांडं चुलीवरून खाली उतरवा. मग बी त्यात टाका, बीच्या पाचपट तरी पाणी असू द्या, आणि रात्रभर तसंच गार होऊ द्या. सकाळी फुगलेलं बी वेगळं काढून त्याच दिवशी पेरा. न फुगलेल्या बीला पुन्हा तेच, किंवा ते नेलकटरने टोचा. टोचायचं ते बी जिथून शेंगेला चिकटलेलं असतं त्या टोकाच्या उलट बाजूला, कारण कोंब चिकटलेल्या बाजूला असतो. थोडंच बी असेल तर खरबरीत दगडावर घासलं तरी भागतं. बहाव्याला गरम पाणी बहुतेक वेळा पुरत नाही, त्याला घासणं किंवा टोचणंच बरं. चिंचोक्याला मात्र साध्या पाण्यात एक दिवस-रात्र पुष्कळ होतं.

*सावधान:* बी टाकून पाणी उकळू नका. लोक ऐकतात "गरम पाणी" आणि करतात उसळ.

बाभळीसाठी आणखी सोपा मार्ग गावातच आहे. ज्याच्या बकऱ्या उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा खातात त्याच्या गोठ्यात सकाळी जा. रात्रभर रवंथ करताना बकऱ्यांनी टाकलेलं बी बसल्या जागी पडलेलं असतं, काही लेंड्यांतही सापडतं. खराट्याने गोळा करा, चाळा, धुवा. पोटातल्या आम्लाने आणि चघळण्याने साल आधीच झिजलेली असते. एक रात्र साध्या पाण्यात भिजवून पेरा.

*साग.* याला घाई सोसत नाही. वरचं कागदासारखं फुगीर आवरण गोणीत घालून चोळून काढा. एप्रिलच्या शेवटी सुरू करा: रात्रभर पाण्यात, दिवसभर कडक उन्हात पसरून. असे दहा ते पंधरा फेरे. कवच फुगतं, आक्रसतं, सांधे सैल होतात. रानात हेच काम दोन-तीन पावसाळे-उन्हाळे करतात, म्हणून ताज्या फळापेक्षा वर्षभर मुरलेलं फळ बरं उगवतं. हे सगळं करूनही शंभर फळांतून तीस-पन्नास रोपं आली तरी नशीब मानायचं. साग थेट पन्नीत पेरू नका. मेमध्ये उंच गादीवाफ्यावर दाट पेरा, दोन पानं आली की उचलून पन्नीत लावा. किंवा वर्षभर वाफ्यातच वाढवून अंगठ्याएवढ्या जाडीच्या रोपाचा स्टंप करा: वर दोन-तीन सेंटिमीटर खोड, खाली पंधरा-वीस सेंटिमीटर मूळ, बाकी सगळं छाटून टाकायचं. पहिला दमदार पाऊस झाला की सब्बलीने (पहारीने) भोक पाडून स्टंप त्यात घट्ट दाबायचा.

*बेहडा, हिरडा.* वरचा गर ठेचून सोडवा, कोय धुवून एक-दोन दिवस भिजवा, दर बारा तासांनी पाणी बदला. बेहडा बऱ्यापैकी उगवतो, हिरडा रडवतो.

*आवळा.* फळाचा गर काढून कोया उन्हात ठेवा. नीट वाळल्या की आपोआप तडकतात, आतून सहा बारीक बिया निघतात. वर ताट झाका, नाहीतर तडकताना उडून जातात. पाण्यात बुडालेल्या बिया मार्च-एप्रिलमध्ये पेरा.

*चार.* कोय हलक्या हाताने अशी तडकवायची की आतली चारोळी दुखावणार नाही. सांध्यावर हातोडीची एक टिचकी, बस. अख्खी कोय पेरली तर उगवण फारच कमी. चारोळीला भाव आहे म्हणून फांद्या तोडून कच्ची फळं ओरबाडली जातात. त्या कोया बियाण्याला निरुपयोगी. फळ झाडावरच काळं होऊ द्यावं लागतं.

*पळस, खैर, तेंदू.* पळसाच्या चपट्या शेंगेच्या टोकाला एकच बी असतं. शेंग फाडायची गरज नाही, बीकडचा तुकडा कापून पेरा. खैराला एक रात्र भिजवणं पुरे. तेंदूचा गर खाऊन बी धुवून ताजंच पेरा आणि महिना-दोन महिने त्याच्याकडे बघूही नका, फक्त ओल राखा. उगवलं नाही म्हणून पन्न्या ओतून टाकणारे बरेच भेटतात.

५. पन्नी भरणं आणि पेरणं

नुसती काळी माती भरू नका. ती पन्नीत उन्हाने वीट होते आणि पाण्याने चिखल. दोन घमेली माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, हे मिश्रण चाळून घ्या. कच्चं शेण घातलं तर उधई आणि हुमणी दोघी येतात.

पन्नीच्या आकारात लोक पैसे वाचवतात आणि रोप गमावतात. आपल्याकडची रानझाडं वर वाढण्याआधी खाली वाढतात. मोह, तेंदू, पळस यांचं सोटमूळ पहिल्याच पावसाळ्यात वरच्या शेंड्यापेक्षा कितीतरी लांब जातं, कारण ऑक्टोबरपासून वरची माती कोरडी पडायला लागते आणि खोल ओलाव्यापर्यंत पोचलेलंच रोप मे महिना बघतं. बाभूळ, खैर, कडुनिंबाला पाच बाय आठ इंचाची पन्नी चालते. मोह, तेंदू, बेहड्याला बारा इंच खोलीची घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं असलीच पाहिजेत.

बी त्याच्या जाडीच्या दीड-दोनपट खोल. मोहाची टोळी आडवी टाका. वर वाळूचा पातळ थर पसरा म्हणजे झारीच्या पाण्याने खपली धरत नाही.

६. रोपवाटिकेतली निगा

उगवण होईपर्यंत सावली हवी: हिरवी जाळी, नाहीतर सिंधीच्या झावळ्यांचा मांडव. पाणी सकाळी, झारीने. संध्याकाळी भरपूर पाणी आणि वर दाट सावली असली की कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. तसं दिसलं तर पाणी कमी करा, सावली विरळ करा, आडवी रोपं मातीसकट बाहेर टाका.

आता मुळाचं. दर दोन-तीन आठवड्यांनी पन्न्या जागेवरून उचलून पुन्हा ठेवा. तळातून जमिनीत घुसलेलं मूळ तुटतं आणि पन्नीच्या आत बारीक मुळं फुटतात. हे सहा महिने केलं नाही तर लावणीच्या दिवशी पन्नी ओढताना मुख्य मूळच तुटतं. रोप चार दिवस हिरवं दिसतं आणि मग उभंच वाळतं.

लावणीच्या आधी महिनाभर सावली काढा आणि पाण्यात हळूहळू अंतर वाढवा. पानं जाड आणि थोडी फिकट होतात, शेंडा थांबतो. हिरवंगार, लुसलुशीत, हातभर उंच रोप देखणं असतं खरं, पण माळावर ते आठ दिवस टिकत नाही. आखूड, जाड बुंध्याचं रोप निवडा.

आणि एक नेहमीचा फोन: "पळसाचं रोप मेलं जी, उपटून टाकू का?" नका. पळस आणि तेंदूची कोवळी रोपं कोरड्या दिवसांत जमिनीपर्यंत वाळतात आणि पावसावर मुळातून पुन्हा फुटतात. सलग काही वर्षं असं चालतं, दर वर्षी मूळ जाड होत जातं, मग एका वर्षी शेंडा वाळत नाही आणि झाड उठतं. नखाने बुंध्याशी साल खरवडून बघा. आत हिरवट ओल असेल तर रोप जिवंत आहे. वर काहीच उरलं नसेल तर पाऊस पडेपर्यंत थांबा.

७. जागा, खड्डा, लावणी

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणा आणि तापू द्या. दीड फूट लांब-रुंद-खोल पुरे, कडक मुरमात दोन फूट. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची आधी घालायची.

जमीन बघून झाड ठरवा. भारी काळ्या जमिनीत बाभूळ, कडुनिंब, पळस. सागाला पाणी साचणारी जागा अजिबात सोसत नाही, निचरा हवाच. मोह, चार, तेंदू, खैर मुरमाड-बरड जमिनीत चालतात. पूर्वेकडे धानाच्या बांध्यांत ज्या धुऱ्याला चार महिने पाणी लागून असतं तिथे साग लावून दुसऱ्या वर्षी पिवळा पडला की "रोग आला" म्हणतात. रोग कसला, मुळं गुदमरली.

लावणी दोन दमदार पाऊस होऊन वीतभर ओल गेल्यावर. साधारण आर्द्रा ते पुष्य, म्हणजे जूनच्या शेवटापासून जुलैअखेरपर्यंत. पहिल्या सरीवर धावू नका. ऑगस्टच्या झडीनंतर लावलेल्या रोपाला मूळ खोल न्यायला वेळच उरत नाही.

पन्नी ब्लेडने कापा, सोबत तळातली गुंडाळलेली मुळंही बोटभर कापा. तशीच राहिली तर ती आयुष्यभर गोल फिरतात आणि पाच-सात वर्षांनी वादळात झाड मुळासकट आडवं होतं. मातीचा गोळा न फोडता ठेवा, पायाने हलकं दाबा. काळ्या जमिनीत रोपाभोवती माती किंचित उंच ठेवा, पाणी साचू नये. उतारावर मुरमात उलट: खालच्या बाजूला अर्धचंद्राचा बांध घालून पाणी अडवा.

*तपासा:* पन्नी खड्ड्यात राहिली नाही ना? शाळेच्या आणि समारंभाच्या लावणीत पन्नीसकट पुरलेली रोपं हमखास सापडतात. संध्याकाळी रिकाम्या पन्न्या मोजा, आकडा रोपांशी जुळला पाहिजे.

८. पुढची दोन वर्षं

पहिला शत्रू बकरी, दुसरी रोही (नीलगाय). बोराटीचं किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण त्याच दिवशी घाला, उद्यावर नको. पऱ्हाट्यांचं कुंपण स्वस्तात होतं, पण वाळक्या पऱ्हाट्यांवरच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या कपाशीत उतरते. वावराच्या धुऱ्यावर ते करू नका.

धुऱ्यावरची अर्धी रोपं तणनाशकाने जातात. फवारणाऱ्या मजुराला रोपं दिसत नाहीत. प्रत्येक रोपाशेजारी चुन्याने रंगवलेली काडी रोवा आणि त्या ओळीला हाताने निंदा.

दिवाळीनंतर काळी जमीन भेगाळायला लागली की खुरप्याने रोपाभोवतीचा वरचा थर भुसभुशीत करा आणि भेगा बुजवा. भेग मुळाजवळून गेली तर बारीक मुळं तुटतात, उरलेली उघडी पडून वाळतात. मग वर पालापाचोळ्याचा थर पसरा, बुंध्यापासून चार बोटं दूर, नाहीतर उधई थेट सालीवर चढते. उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा दहा दिवसांनी एकदा बादलीभर, सावकाश. रोजच्या तांब्याने मुळं वरच घुटमळतात, आणि एक आठवडा गावाला गेलात की रोप संपतं.

फेब्रुवारीत लावणीभोवती दहा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून उघडा करा. आग लागली तर तिथे थांबते.

मे महिन्यात पानं गळालेली, काडीसारखी उभी रोपं मोजून मेली म्हणून कागदावर मांडू नका. पानगळ हीच त्यांची पाणी वाचवायची रीत आहे. मोजणी जुलैअखेरीस करा. तोवर ज्याला फुटवा आला नाही ते मेलं, त्याच खड्ड्यात नवं लावा.

आपल्या वावरात मोह, साग, खैर, ऐन, अंजन लावणार असाल तर एक काम विसरू नका. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत ही झाडं आहेत, पुढे तोडायची वेळ आली तर खासगी जमिनीतही परवानगी लागते. लावलेल्या वर्षीच तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या आणि उताऱ्याची एक प्रत घरी ठेवा.